चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी सेकंड हँड सात सीटर घ्यायचीय, कुठली बघू? बजेट साडेआठ लाख

डिचोलीकर_७

नमस्कार मंडळी. घरात आम्ही सात माणसं, आई-बाबा, आजी, मी, बायको आणि दोन पोरं, एक नववीत एक तिसरीत. आजवर जुन्या वॅगनआरवर भागवलं. पण मागच्या चवथीला सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जाताना दोन फेऱ्या माराव्या लागल्या, आधी आजी, आई आणि भांडीकुंडी, मग परत येऊन बाकीचे आणि माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान, मधे पाऊस असा लागला की दुसऱ्या फेरीला दोन तास गेले. तोवर आई चुलीकडे आणि आजी एकटी सोप्यावर रस्त्याकडे बघत बसलेली. ८१ वर्षांची बाई. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी सगळे एका गाडीतून.

नवी परवडत नाही, घराचं लोन चालू आहे. बजेट साडेआठ लाख, ताणून नऊ. ऑफिसला मी बाईकने जातो, त्यामुळे गाडी महिन्याला सहाशे-सातशे किलोमीटरच चालेल, त्यात आजीला महिन्यातून एकदा बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं, वर्षातून दोनदा चोर्ला घाटातून कोल्हापूरला अंबाबाईला. बायकोही चालवणार, डिचोलीच्या बाजारातून गाडी वळली पाहिजे. इनोव्हा, अर्टिगा, मराझो, लॉजी, मोबिलिओ सगळं बघून डोकं बधिर झालंय. तुम्ही वापरलेल्या गाडीबद्दल सांगा, यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय.

म्हापशेकर

इनोव्हा घ्या, विषय संपला. माझी २०१३ ची जुनी २.५ डिझेल आहे, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले, इंजिन अजून उघडलेलं नाही. तुमच्या बजेटमध्ये क्रिस्टा, म्हणजे नवी इनोव्हा, धड मिळणार नाही, क्रिस्टा आली २०१६ ला आणि चांगली क्रिस्टा अजूनही भाव धरून आहे, स्वस्तात मिळाली तर काहीतरी लपवलंय समजा. पण २०१४-१५ ची जुनी इनोव्हा बघा. सात माणसं, सामान, घाट, एसी चालू, गाडी कुरकुरत नाही. आणि उद्या विकायला काढलीत तर संध्याकाळपर्यंत चार फोन येतात.

साखळीची_सून

दादा, मॉडेल नंतर ठरवा, आधी कोण कुठे बसणार ते ठरवा. आमच्याकडे सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, आम्ही तीन गाड्या बघितल्या तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्यांना सोबत नेलं, विकणारे वैतागायचे पण मी सोडलं नाही. जुन्या इनोव्हात चढताना त्यांना पाय उचलून आत टाकावा लागायचा, सीट उंच, वरचं हँडल धरून त्या जोर लावायच्या आणि चेहरा बघवत नव्हता. अर्टिगात सीट बरोबर कमरेच्या उंचीला, पाठमोरं बसायचं आणि पाय फिरवून आत घ्यायचे, बस. त्या दिवशीच आमचं ठरलं.

तिसऱ्या रांगेत मोठी माणसं चोर्ला ओलांडेपर्यंत बसवू नका, कंबर धरते. तिथे तुमची दोन पोरं बसवा, नववीतला उंच असेल तर त्याला आधी बसवून बघा. आणि सातही सीट लावल्यावर मागे सामानाला काय उरतं ते डिकी उघडून स्वतः बघा. २०१८ च्या शेवटी आलेल्या अर्टिगाला २०९ लिटर आहे, आधीच्या मॉडेलला १३५, ट्रायबरला तर ८४ लिटर, म्हणजे दोन दप्तरं.

डिचोलीकर_७

ताई, हे डोक्यातच नव्हतं. आजीला नेणार प्रत्येक वेळी. मधल्या रांगेत ती, आई आणि बाबा, मागे पोरं, असं धरून चालतो.

गॅरेजवाला_फोंडा

मॉडेलवरून भांडण नंतर करा. मी २२ वर्षं गॅरेजात आहे, आमच्या गोव्यात गाडी इंजिनाने कमी मरते, गंजाने जास्त मरते. बाहेरचे लोक किलोमीटर बघतात, आपण गाडी रात्री कुठे उभी असायची ते विचारायचं. समुद्राकाठी उघड्यावर पाच-सहा पावसाळे काढलेली चाळीस हजार चाललेली गाडी, आणि फोंड्याला शेडमध्ये राहिलेली लाखभर चाललेली गाडी, दोन्ही समोर ठेवल्या तर मी दुसरी घेईन. रोज फेरीबोटीतून जा-ये करणारी असेल तर आणखी नीट बघा, रॅम्पवरचं खारं पाणी खालून उडतं आणि कोणी धूत नाही.

बघायचं कसं ते सांगतो. गाडी जॅकवर नको, रॅम्पवर घ्या. दाराखालची लांब पट्टी, तिला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, आतून खाल्लेला असेल तिथे आवाज बसतो, मडक्याला चीर गेल्यासारखा. वरून रंग नवाकोरा असला तरी आवाज फसवत नाही. मग जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकाच्या वरची कमान, स्टेपनी खाली लटकवलेली असते तो भाग, एक्झॉस्टचे हँगर. खालून काळं कोटिंग ताजं ताजं मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, विचारा कधी मारलं आणि का मारलं. ओल्या गंजावर कोटिंग मारलं की पाणी आतच राहतं, पत्रा आतल्या आत जातो आणि दोन वर्षांनी तुमच्या गळ्यात.

दुसरं, पूर. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीला पाणी, २०२१ च्या जुलैत चिपळूणला आणि आपल्या सत्तरीतही. त्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सगळ्या सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, पट्ट्याचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथे चिखलाची रेघ राहते. पुढच्या सीटचे रेल खालून बोटाने पुसा. फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. कार्पेट कोपऱ्यातून उचलून खाली हात घाला, कोरडं लागलं पाहिजे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटला हात लावायचा. गरम असेल तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा.

म्हापशेकर, तुमची इनोव्हा दणकट आहेच, पण ह्यांना पूर्ण सांगा. त्या २.५ ला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं, तुटला तर इंजिनाचं काम निघतं आणि ते हजारात भागत नाही.

म्हापशेकर

बेल्टचं बरोबर आहे, माझा बदललाय, बिल आहे. लिहायला हवं होतं.

वास्को_ते_काणकोण

महिन्याला सातशे किलोमीटर चालवणार असाल तर डिझेल कशाला? बीएस सिक्स, म्हणजे धुराचा कडक नियम, आला एप्रिल २०२० ला, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना धूर गाळणारा फिल्टर असतो, डीपीएफ, तो साफ व्हायला गाडी मधून मधून हायवेवर सलग पळवावी लागते, रोज पाच किलोमीटर बाजारात फिरवली तर तो तुंबतो. मी स्वतः भोगलंय, लाईट लागली की वेर्ण्यापासून मडगावपर्यंत उगाच गाडी पळवायची, शेवटी एकदा पूर्ण चोक झाला आणि खर्च ऐकून बायको दोन दिवस बोलली नाही. त्याच्या आधीच्या डिझेलला हे दुखणं नाही पण टर्बो, इंजेक्टर, क्लच ह्यांचा खर्च पेट्रोलपेक्षा जास्तच. पेट्रोल घ्या आणि निवांत राहा.

बाकी ज्या गाड्या बंद झाल्या त्यांचं थोडक्यात. मोबिलिओ २०१४ ला आली आणि २०१७ ला बंद. लॉजी आतून मस्त मोठी, पण तीही २०२० ला गेली. शेवरोलेने तर २०१७ च्या शेवटी इथे गाड्या विकणंच बंद केलं, त्यांची एन्जॉय कितीही स्वस्त मिळाली तरी तुमच्या घरी एकच गाडी असणार आणि आजीला हॉस्पिटलात न्यायचं म्हणता, तेव्हा एका हेडलाईटसाठी पंधरा दिवस थांबणं जमणार आहे का?

रात्रपाळी

मराझोला कोणीच विचारत नाही म्हणून लिहितो. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०१८ ला चार स्टार, अर्टिगाला २०१९ ला तीन. मागचा एसी छतावरून अख्ख्या गाडीला थंड करतो, सस्पेन्शन मऊ, आमची आई मागे बसून झोपते. फक्त डिझेलमध्येच आहे, तेवढं बघा. पोरांना तिसऱ्या रांगेत बसवणार असाल तर गाडी कुठलीही घ्या पण तिथल्या बेल्टची क्लिप लागते का ते स्वतः लावून बघा, बऱ्याच जुन्या गाड्यांत ती सीटच्या फटीत जाऊन बसलेली असते आणि वर्षानुवर्षं कोणी काढलेली नसते.

डिचोलीकर_७

खूप खूप आभार सगळ्यांचे. काल दोन गाड्या बघून आलो. एक अर्टिगा पर्वरीला, २०१९, पेट्रोल, फक्त ३८ हजार किलोमीटर, भाव बाजारापेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी. डीलर म्हणतो डॉक्टरची गाडी. पण आरसीवर मी तिसरा मालक होणार, आणि नंबरप्लेटच्या मागे जुन्या प्लेटची वेगळी भोकं दिसली. बायको म्हणते सोड. मी अजून विचारात आहे.

पेडण्याचा_प्रवासी

सोडा. वहिनी बरोबर बोलतायत. माझ्या भावाने अशीच घेतली होती. आपल्याकडे रेंट अ कॅबच्या गाड्या असतात ना, काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं, त्या काही वर्षं टुरिस्टांच्या हाताखाली पिटल्या जातात, दर दोन-तीन दिवसांनी नवा ड्रायव्हर, कोणी वाळूत घालतो कोणी हँडब्रेक लावूनच पळवतो, मग परमिट सरेंडर करून खाजगीत करतात आणि पांढरी प्लेट लागते. त्यात बेकायदा काही नाही, पण विकणाऱ्याने ते सांगून विकली पाहिजे. माझ्या भावाला सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत क्लच, गिअरबॉक्सचं काम, पुढचे दोन्ही शॉकअप्स.

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, पहिलं रजिस्ट्रेशन कधीचं, लोनचा बोजा आहे का ते बघा. सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुनी हिस्टरी मागा, मालकाला सोबत घेऊन गेलं की देतात, तिथे प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर लिहिलेले असतात, मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच कळतं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे इन्शुरन्सची आत्ताची पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के ते बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के होतो. डीलर म्हणतो गाडीला ओरखडासुद्धा नाही आणि बोनस शून्य, मग गेल्या वर्षी क्लेम कशाचा केला? हल्लीच मालक बदलला असेल तरी शून्य दिसेल, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून सरळ विचारायचं.

डिचोलीकर_७

पॉलिसी मागितली. बोनस शून्य. सर्व्हिस हिस्टरीसाठी मालकाला बोलवा म्हटलं तर "मालक बाहेरगावी आहे". सोडली.

म्हापशेकर

बरं झालं सोडली. पण पेट्रोल अर्टिगावर सगळे एवढे खूश आहेत म्हणून एक विचारतो, सात माणसं आणि सामान घेऊन चोर्ला कोणी चढवलाय का? की फक्त पणजीच्या सपाटीवरचं बोलताय?

साखळीची_सून

चढवलाय दादा, दर वर्षी दोनदा, ह्याच मे महिन्यात सात जण भरून. खरं सांगते, ट्रकच्या मागे अडकलात की तिसऱ्या गिअरात जीव नाही, दुसऱ्यात टाकून आरामात चढायचं, ओव्हरटेकचा मोह धरायचा नाही. वरच्या अवघड वळणांवर एसी बंद करते मी पाच मिनिटं, काचा उघडल्या की पोरांनाही आवडतं. इनोव्हा पळत चढते हे मान्य. पण आम्ही घाट वर्षातून चार दिवस चढतो आणि बाजारात तीनशे दिवस गाडी लावतो. क्रिस्टा पावणेपाच मीटरच्या आसपास लांब, अर्टिगा चार मीटर चाळीस. साखळीच्या बाजारात तो एक फूट मला रोज उपयोगी पडतो, आणि वहिनीही चालवणार म्हणतायत.

म्हापशेकर

हे पटलं. आमच्याकडे दर शनिवारी कोल्हापूर असतं म्हणून मला इनोव्हाच दिसते.

बेळगाव_रोड

सावंतवाडी किंवा बेळगावकडची गाडी स्वस्त दिसली तर हिशोब पूर्ण करा. एमएच ०७ असो की केए २२, तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८, आणि गोव्यात पुन्हा रोड टॅक्स भरायचा. तिकडे भरलेल्याचा परतावा मागता येतो पण त्यासाठी खेटे घालायची तयारी हवी. मी घातले, मिळाला, पण वेळ गेला. दिल्लीची डिझेल गाडी कोणी दाखवली तर स्वस्त का आहे ते समजून घ्या, तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली म्हणून त्या गाड्या बाहेर काढतात. जवळपासची जीए नंबरची मिळत असेल तर वीस-पंचवीस हजार जास्त द्या आणि तीच घ्या.

डिचोलीकर_७

अपडेट. मित्राच्या ओळखीने फोंड्याला निवृत्त मास्तरांची अर्टिगा कळली. २०१९, पेट्रोल, जीए ०५, पहिला मालक, ६१ हजार किलोमीटर. मुलगा परदेशात गेला, एवढी मोठी गाडी आता कशाला म्हणून विकतायत. आदल्या रात्री फोन करून सांगितलं गाडी सुरू करू नका, मास्तर म्हणाले "मी आठवड्यात सुरूच केली नाही". सकाळी आठला आजीला घेऊन गेलो. बॉनेट थंड. पहिल्या सेल्फला सुरू, निळा-काळा धूर काही नाही.

मी पट्ट्या ठोकत बसलो तर मास्तर घरातून लाकडी पाट घेऊन आले, म्हणाले ह्यावर बसा, कंबर मोडेल. सगळीकडे एकसारखा टणटण, फक्त मागच्या डाव्या कमानीच्या आत नखाएवढा गंज. सीटबेल्ट सातही ओढून बघितल्या, स्वच्छ. टायर मूळचेच, बाजूला २३१९ लिहिलंय म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, चारही बदलावे लागणार. बोनस ५० टक्के. सगळी बिलं एका फायलीत तारखेप्रमाणे लावलेली, हवा भरल्याची तारीखसुद्धा वहीत.

आजी मधल्या सीटवर पाठमोरी बसली, पाय आत घेतले, आणि तिथेच मास्तरांच्या बायकोशी गप्पा मारत अर्धा तास बसली, उतरायलाच तयार नाही. मागितलेत ७ लाख ८०. काय करू?

गॅरेजवाला_फोंडा

घ्या. टायरचे पैसे तोडून मागा, मास्तर समजूतदार दिसतात. फोंड्यातच आहे तर रॅम्पवर माझ्याकडे आणा, बघून देतो, पैसे नकोत. ह्या मॉडेलला स्मार्ट हायब्रिडची दुसरी छोटी लिथियम बॅटरी असते, स्कॅनर लावून तिचा काही बिघाडाचा कोड आहे का तेही बघू. कमानीतला गंज आत्ताच घासून, सुकवून, प्रायमर मारून मग कोटिंग करायचं. जूनच्या आधी. पाऊस सुरू झाला की पत्रा सुकत नाही, तेव्हा मारलेलं वाया जातं.

पेडण्याचा_प्रवासी

पैसे देताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, लोन होतं का विचारा, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. मास्तरांनाही सांगा की ट्रान्सफर झाल्याचं ॲपवर दिसेपर्यंत त्यांनी विचारत राहावं, त्यांच्या नावावर गाडी फिरत राहणं त्यांच्याही हिताचं नाही.

डिचोलीकर_७

झाली! ७ लाख ४५ ला. लोन नव्हतं. गॅरेजवाले दादा, तुम्ही दीड तास गाडीखाली होतात आणि चहासुद्धा माझा घेतला नाहीत, विसरणार नाही. टायर बदलले, कमानीचं काम झालं, ट्रान्सफरची पावती हातात आहे. मास्तरांनी चावी देताना वहीही दिली, म्हणाले पुढची पानं कोरी आहेत.

परवा सगळ्यांना बसवून सत्तरीत मूळ घरी एक फेरी मारून आलो. नववीतल्याचे गुडघे पुढच्या सीटला लागतात पण मधली रांग थोडी पुढे सरकवली की चालतं, आजीला अडचण झाली नाही. सात माणसं बसल्यावर मागे दोन पिशव्या आणि समई एवढंच मावतं, साखळीच्या ताईंनी सांगितलं होतं तसंच. म्हणून आता असं ठरवलंय की चवथीच्या आदल्या दिवशी मी एकटा मागची रांग पाडून भांडी, गॅस, माटोळीचं सगळं सामान नेऊन ठेवणार, आणि चवथीला सकाळी सातही जण एकदम निघणार. आजीने आत्ताच सांगून ठेवलंय, डावीकडची खिडकी तिची.